आत्याच्या दारातला पहिला खेळ

त्या वर्षांत पुण्यात कुणालाही "यवतमाळला निघालेय" असं सांगितलं की समोरच्याचा आवाज आपोआप खाली यायचा. कॉलेजातल्या सहकारी बायका माझ्या हातावर हात ठेवायच्या. आमच्या जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात रोज यायचं आणि कापसाच्या त्या एकाच वाईट बातमीसाठी यायचं. त्यामुळे तिथेही कुणी हसतं, भांडतं, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून सुनेला बोलतं, हे लोक विसरूनच गेले होते. मी तिथलीच. दारव्ह्यापासून जीपने पाऊण तासावर असलेल्या एका गावात, बौद्धांच्या वस्तीत वाढले. गावाचं नाव इथे लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

या खेपेला सोबत हेझल होती. हेझल अमेरिकेतली, कृष्णवर्णीय, साठीला टेकलेली नाटककार. तिच्या एका नाटकाचं मी मराठीत भाषांतर केलं होतं आणि पुण्यातल्या आमच्या नाट्यसंस्थेने ते बसवायला घेतलं होतं. तालमी बघायला ती स्वतः आली होती. प्रयोगाच्या संध्याकाळी त्याच्या जोडीला माझी एकांकिका व्हायची होती. माझी म्हणजे लिहिलेली मी. गोष्ट माझ्या अनुसया आत्याची. आत्या तरुणपणी आमच्या वस्तीच्या जलशात गायची. जलसा म्हणजे ढोलकीवरची गाणी, सवालजवाब, मधूनच एखादं नाटुकलं. शिकायचं, झुकायचं नाही, हे सांगत बैलगाडीतून गावोगाव फिरणारी आमची मंडळी. त्या एकांकिकेला अमरावतीपासून मुंबईपर्यंत बक्षिसं मिळाली होती, आणि आत्याने माझ्याशी बोलणं सोडलं होतं. त्याला चार वर्षं झाली होती.

हेझलला हे तालमीच्या तिसऱ्या दिवशी कळलं. तिने विचारलं, "तुझ्या आत्याने हे पाहिलंय?" मी म्हणाले, नाही. "लिहिण्याआधी तिला विचारलं होतंस?" मी म्हणाले, ते जरा गुंतागुंतीचं आहे. खरं तर त्यात गुंता काहीच नव्हता, मी विचारलंच नव्हतं. हेझलने कपातला चहा संपवला आणि शांतपणे सांगितलं, "मग माझं नाटक मी याच्या शेजारी उभं करणार नाही. तू जाऊन विचारून ये. ती हो म्हणाली तर दोन्ही करू." मी संतापले, खूप बोलले. आमच्याकडच्या गोष्टी तुला कळणार नाहीत, असंसुद्धा म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मीही येते. माझ्या आजीचं अर्धं आयुष्य कापसात गेलं आणि मी शेतातला कापूस अजून पाहिलेला नाही."

दारव्हा

पुणे ते यवतमाळ या बसप्रवासाबद्दल एवढंच सांगते, की हेझलच्या खिडकीची काच बंद होत नव्हती आणि माझ्या खिडकीची उघडत नव्हती. यवतमाळहून एसटीने दारव्ह्याला उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. बाजाराचा दिवस होता. हेझलच्या डोक्यावर बारीक बारीक शंभर वेण्या, अंगात पिवळा सुती झगा, पायात बूट. स्टँडवरची सगळी गर्दी आमच्याकडे वळली. पुण्यात लोक चोरून बघत. इथे सरळ समोर येऊन उभे राहिले. हेझलला हेच जास्त आवडलं.

चहाच्या टपरीवर एक पागोटेवाले काका जवळ आले. "मॅडम, सर्वेवाल्या का? आमच्या गावाले अजून कोनी आलं नाही." दुसरा म्हणाला, "सर्वेवाल्या नाही, टीव्हीवाल्या हायेत. कॅमेरा मांगून येत असन." मी म्हणाले, काका, या पाहुण्या आहेत, नाटकं लिहितात. काकांनी हेझलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग आमच्यावर लिहिते काय?" मी ते इंग्रजीत सांगितलं. हेझल म्हणाली, "त्यांना सांग, आधी ते मला त्यांच्याबद्दल काहीतरी मजेचं सांगू देत, मग बघू." काका इतके खूष झाले की आपण शाळेच्या गॅदरिंगमध्ये राक्षस झालो होतो आणि मिशी गळून पडली होती, हे त्यांनी तिथेच उभं राहून करून दाखवलं. निघताना म्हणाले, "सर्वेवाले हे नाही विचारत."

पुढची जीप भरेपर्यंत थांबलो. चालकाने पाहुणीला पुढे बसा म्हटलं, पण हेझल मागे बायकांमध्ये शिरली. शेजारच्या म्हातारीने तिचा हात आपल्या हाताशेजारी ठेवून रंग ताडून पाहिला आणि मला विचारलं, "अमेरिकेतले लोक गोरे राह्यते ना वं?" मी सांगितलं, हिच्या पूर्वजांना फार मागे आफ्रिकेतून बांधून नेलं होतं, कापूस वेचायला.

"कापूस वेचाले? इतल्या दूर?"

"हो."

"मजुरी काय देत?"

"काहीच नाही. विकत घेतलेली माणसं ती."

म्हातारीने पदराची गाठ सोडून उकडलेल्या तुरीच्या शेंगा काढल्या आणि हेझलच्या ओंजळीत ओतल्या. शेंग सोलून दाणे कसे काढायचे तेही दाखवलं. आमचं गाव येईपर्यंत दोघी खात होत्या.

वस्ती

आत्या ओट्यावर गहू निवडत बसली होती. चार वर्षांत ती बारीक झाली होती, चष्मा जाड झाला होता. तिने हेझलकडे पाहिलं, सूप बाजूला ठेवलं, उठून हात जोडले आणि "जय भीम" म्हणाली. जीपमध्ये मी हेझलला शिकवून ठेवलं होतं, तिनेही म्हटलं. मग आत्या माझ्याकडे वळली.

"तिले विचार," आत्या म्हणाली, "पानी पेते का च्या."

चार वर्षांनी आत्या माझ्याकडे बघून बोलली ते हे. माझ्याशी बोलली असं म्हणायची सोय नव्हती. मी दुभाषी होते, आणि आत्याने हे नातं दोन मिनिटांत पक्कं करून टाकलं. "तिले सांग, हातपाय धुवाले पानी ठेवलं हाय." "तिले विचार, घरी कोन कोन हाय." "तिले म्हना, खाट बाहेर टाकली, बसाव." मी इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करत राहिले. माझे हातपाय धुवायचे राहिलेच. शेवटी संगीतावहिनीने, आत्याच्या सुनेने, माझ्या हातात गुपचूप तांब्या दिला. "राग धरू नका ताई," ती कुजबुजली. "तुमचा फोन आला म्हनून तुमच्यासाठीच चवळी भिजवलीय त्याइनं." माझा आतेभाऊ दिग्रसला कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला, तो सुट्टीच्या दिवशीच घरी यायचा. एरवी घरात या दोघीच.

दिवस मावळताच जेवायला बसलो. ज्वारीच्या भाकरी, चवळीची उसळ, ठेचा, कच्चा कांदा. हेझलने ताटातली चवळी बघितली आणि जेवायचीच थांबली. त्यांच्याकडे नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी शिजतेच शिजते, तिच्या आजीचा तो नेम होता. एवढ्या दूर येऊन ताटात आजीची चवळी मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. मी हे आत्याला सांगितलं, तेव्हा आत्याने तिच्या ताटात आणखी एक पळी वाढली आणि माझ्या ताटात, न बघता, दोन.

जेवण झाल्यावर आत्याची चौकशी सुरू झाली. "तिले विचार, यायची वस्ती बी गावाबाहेरच राह्यते का."

हेझल म्हणाली, "रेल्वेच्या रुळांपलीकडे. पाऊस पडला की सगळ्या गावाचं पाणी आमच्या बाजूला येऊन साचायचं."

"उताराच्या बाजूले, म्हंजे," आत्या म्हणाली. तिला आणखी समजावून सांगायची गरज पडली नाही. आमची वस्तीही उतारालाच आहे.

"अन् हिचे नाटक पाह्याले कोन येते?"

हेझल जरा सरसावून बसली. "जास्त करून गोरे. तिकीट काढून येतात. त्यातले पुष्कळजण आमच्यासाठी रडायला येतात. रडून झालं की त्यांना हलकं वाटतं आणि घरी जाऊन चांगली झोप लागते. मी लिहायला बसले की मनातल्या मनात त्यांना खुर्च्यांवरून उठवते आणि तिथे माझ्या आजीला, मावशांना, शेजारणींना बसवते. त्यांना कंटाळा येता कामा नये आणि त्यांच्यासमोर मी खोटी पडता कामा नये, एवढंच बघते. माझ्या नाटकात माणसं जेवतात, टोमणे मारतात, प्रेमात पडतात, पत्ते खेळताना लबाडी करतात. गोरा माणूस क्वचितच रंगमंचावर येतो. तो दाराबाहेर आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला आत घेऊन त्याच्यावर वेळ घालवायला माझ्याकडे वेळ कुठे आहे? मला नेहमी विचारतात, तुम्ही फक्त काळ्या माणसांवरच का लिहिता. राजेराण्यांवर लिहिणाऱ्यांना असं कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही."

मी एकेक वाक्य मराठीत करत होते आणि जीभ जड होत चालली होती. हे शब्द कुठे जाऊन लागणार ते मला दिसत होतं. आत्याने डोळे मिटून सगळं ऐकलं.

"शहानी हाय हे बाई. तिले सांग तसं." मी सांगितलं. "अन् आता हे बी सांग. आमच्या घरच्या एका पोरीनं शिकून सवरून मले भरल्या नाट्यगृहात रडवलं. अमरावतीले आपले गुरुजी गेलते, त्याइनं पाह्यलं. परत आले अन् साऱ्याइच्या समोर मले म्हनले, अनुसयाबाई, तुमी स्टेजवर लय रडल्या, आमाले बी रडू आलं. मी कधी रडली? सांग तिले."

संगीतावहिनी ताटं उचलायच्या निमित्ताने आत गेली. मी भाषांतर केलं. एकही शब्द गाळला नाही, हे माझं त्या दिवशीचं एकमेव चांगलं काम.

मी पिशवीतून एकांकिकेची वही काढली आणि म्हणाले, "आत्या, मी परवानगी मागायला आलेय. तू सांगशील ते..."

"तिले सांग," आत्याने मला मधेच तोडलं, "का आमच्या जलशाचा एक कायदा होता. ज्याची गोष्ट त्याच्या दारात पयला खेळ. मंग तो म्हनन हे काढा, तं काढाचं. तो म्हनन चालू द्या, तं गाडी जुपाची. उद्या सकाळी माह्या दारात खेळ लावा म्हनाव."

"कुणाला सांगू असं?"

"तिले."

हा कायदा माझ्या डोळ्यांसमोरून गेलेला होता. लहानपणी जलशाची मंडळी कधी कुणाच्या, कधी कुणाच्या दारात उभी राहून म्हणताना मी पाहिली होती. घरधनी मधेच हात वर करायचा, मंडळी थांबायची, पुन्हा मागच्या ओळीपासून म्हणायची. मला वाटायचं ही तालीम आहे आणि ज्याच्या दारात जागा मोठी त्याच्याकडे करतात. पुढे मी जलशावर प्रबंध लिहिला, त्यातही 'तालमी आळीपाळीने घरोघरी होत' असं एक वाक्य आहे. ते वाक्य अजून विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि त्याची मला लाज वाटते.

दार

कापूस दवात वेचत नाहीत. ओला कापूस जड भरतो आणि मग काळा पडतो, म्हणून दव वाळेपर्यंत बायका मोकळ्या असतात. त्या मोकळ्या वेळात वस्तीतल्या दहाबारा जणी डोक्याला रुमाल बांधून, वेचणीचं फडकं कमरेला खोचून आत्याच्या अंगणात येऊन बसल्या. देवाजीकाका आले. ते जलशात ढोलकी वाजवायचे, आता काठी टेकत चालतात. हेझल त्यांच्या शेजारी बसली. आत्या उंबऱ्यावर, घरधन्याच्या जागी.

मी एकटीने सगळ्या भूमिका वाचल्या. पुण्यात या संहितेचं कौतुक करणारे लोक समोर चहा पीत असत. इथे पहिल्या पानावरच हात वर झाला.

"पेटी कोठची?"

"जलशात पेटी असते ना, म्हणून..."

"आमच्याजवळ पेटी नव्हती. ढोलकी, डफ अन् झांजा. काढ."

मी काढली. पुढच्या पानावर, "मी गाडीतून पडली म्हनते?"

"म्हणजे घाबरून, धक्का बसतो तेव्हा..."

"मी उतरली. लुगडं सावरून उतरली. पडाले काय झालं मले?"

बायका हसायला लागल्या. देवाजीकाका हेझलला हाताने पडणं आणि उतरणं यातला फरक दाखवत होते. असं करत करत शेवटचं दृश्य आलं. एका गावात जलसा चावडीपाशी होऊ देत नाहीत, ढोलकी फोडतात, आणि अनुसया रस्त्यावर बसून हंबरडा फोडते; त्यानंतर ती आयुष्यात पुन्हा गात नाही. याच दृश्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत. मी ते शक्य तितक्या हळू आवाजात वाचायला लागले.

"मोठ्यानं वाच," आत्या म्हणाली.

मी मोठ्याने वाचलं. आत्याने हेझलकडे पाहिलंही नाही. सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "तुले कोनं सांगतलं मी रडली म्हनून?"

"आईने."

"तुही माय तवा माहेरी होती, तुह्याच बाळंतपनाले. तिले काय माहीत?" तिने चष्मा काढून पदराने पुसला. "ढोलकी फोडली, हे खरं. चावडीपाशी खेळ करू नका म्हनले, हे बी खरं. मंग आमी गाडी गावाच्या शिवेवर नेऊन लावली. मी गाडीत उभी राह्यली अन् सारं म्हनलं, पयल्यापासून शेवटपर्यंत. ढोलकी नव्हती तं गाडीच्या फळ्या वाजवल्या. त्या वस्तीतल्या बाया आल्या, बोरीखाली बसल्या. अन् हा देवाजी..."

"जाऊ दे न वयनी," देवाजीकाका म्हणाले.

"काहून जाऊ दे? हा देवाजी तुरीत जाऊन लपला होता. आला तं एका पायात जोडा. दुसरा तुरीतच राह्यला. मी गाता गाता याचा जोडा गान्यात घातला. बाया इतल्या हसल्या का त्या गावातले लोक पाह्याले आले काय झालं म्हनून, अन् मंग तेच उभं राहून आयकू लागले." आत्या आता हसत होती. "मी रडली नाही विशाखा. मी त्या दिवशी जितली हसली, तितली माह्या लग्नात बी नाही हसली."

माझं नाव तिच्या तोंडून चार वर्षांनी ऐकलं. मला रडू फुटत होतं, ते मी आवरलं. त्या अंगणात त्या सकाळी रडणाऱ्या बाईला फारसा मान नव्हता. मी हेझलला सगळं सांगितलं. ती देवाजीकाकांच्या पायांकडे बघून इतकी हसली की खाटेवरून घसरली.

"मग ते दृश्य काढू?" मी विचारलं.

"काढ. गाडी लाव शिवेवर. अन् त्या गावाचं नाव नोको घेऊ, आपल्या गावाचं बी नोको. आपलं कळलं का त्याचं कळते. ज्यानं ढोलकी फोडली त्याची नात आपल्या संगीताची मैत्रीन हाय, येते जाते घरी. कायले तिले खाली पाह्याले लावाचं?"

हेझलने हसू आवरलं आणि एक प्रश्न विचारला. नाटक लिहिणारी बाई तोच विचारणार. "मग गाणं थांबलं कधी?"

मला तो प्रश्न सुचलाच नव्हता. मी माझ्या आठवणीत आत्याला कधीच गाताना ऐकलं नव्हतं. माझ्या शेवटात निदान त्याचं एक कारण होतं, खोटं का होईना. मी भाषांतर केलं. देवाजीकाका काठीच्या टोकाने जमिनीवर रेघा मारू लागले. आत्या उठली.

"दव वाळलं," ती म्हणाली. "चला, वेचनीले."

शेत

वस्तीपासून शेत अर्ध्या तासाच्या वाटेवर. दुसरी वेचणी चालू होती. बायकांनी कमरेच्या फडक्याची ओटी केली आणि ओळी धरल्या. फुटलेल्या बोंडातून पाची बोटांनी कापूस उचलायचा, वाळलेलं पान सोबत येऊ द्यायचं नाही, ओटीत टाकायचा, तोवर दुसरा हात पुढच्या बोंडावर. बोंडाची टोकं सुईसारखी, नखांच्या कडा रक्ताळतात. मी लहानपणी वेचला आहे, पण त्या दिवशी संगीतावहिनीच्या दोन ओळी झाल्या तेव्हा माझी अर्धी झाली होती.

हेझल बांधावर उभी होती. तिने एका झाडापर्यंत हात नेला आणि मागे घेतला. एकीने हाक मारली, "या ना मेमसाब, ओटी बांधून देतो." दुसरी म्हणाली, "तिले सवय नसन, नखं खराब होतीन." हेझलने मला बोलावून सांगितलं, "माझ्या आजीने आईला आणि आईने मला बजावलं होतं, आपल्या घरातली पोर पुन्हा या झाडाला हात लावणार नाही. मला वाटलं होतं इथे आल्यावर मी वेचीन. पण मला होत नाहीये."

मी हे ओळींतल्या बायकांना सांगितलं. चेष्टा थांबली. आत्या ओटी सांभाळत बांधावर आली, ओटी रिकामी केली आणि हेझलला हात धरून खाली बसवलं. "बरोबर हाय तिचं. नोको लावू हात." मग मला म्हणाली, "तू बी बस. मी आता हिले सांगून राह्यली, माहं गानं काहून थांबलं ते. तू आयक. पन हिले सांगू नोको. नाटकात नोको, कागदावर नोको, कोनाले नोको."

"मग तिला कळणार कसं आत्या?"

"तिले कळाचं नाहीच. म्हनून तं तिले सांगून राह्यली."

तिने सांगितलं. हेझलच्या डोळ्यांत बघत, हळूहळू, मधे थांबत. मी शेजारी बसून ऐकत होते आणि सवयीने माझ्या डोक्यात इंग्रजी वाक्यं तयार होत होती. ती मी गिळत होते. हेझलने एकदाही मान डोलावली नाही. समजल्याचा आव आणला नाही. नाट्यगृहात अंधारात बसावं तशी बसून राहिली. एका जागी आल्यावर आत्या बराच वेळ थांबली, मूठभर माती उचलली, परत टाकली, आणि मग पुढचं सांगितलं. तिच्या सांगण्यातल्या माणसांना मी लहानपणापासून ओळखत होते आणि मला यातलं काही माहीत नव्हतं.

आत्याचं संपल्यावर हेझल म्हणाली, "आता मी एक सांगते. आजीचं आहे. माझ्या सगळ्या नाटकांत मी ते टाळत आले. तूही तिला सांगू नकोस." मी आत्याला एवढंच म्हणाले, आता हिची पाळी आहे आणि हिनेही मला बंदी घातली आहे. आत्याने "हाव" म्हटलं आणि चष्मा नीट केला, जणू आता वाचायचं आहे.

हेझलने सांगितलं. मिसिसिपीतलं एक शेत, एक रविवार, तिची आजी. याहून जास्त मला लिहिता येणार नाही. आत्या तिच्या ओठांकडे बघत होती. आणि मग हेझलच्या गोष्टीत एक जागा आली. मी दचकले. तीच जागा होती. देश दुसरा, माणसं दुसरी, आणि जागा तीच. हेझलही तिथे थांबली, जवळजवळ तितकाच वेळ. मला दोघींचे खांदे धरून हलवावंसं वाटलं, सांगावंसं वाटलं, अगं थांबा, हे तुम्ही दोघींनी एकच सांगितलंय. इतक्या वर्षांच्या भाषांतरात एवढी निकड मला कधी वाटली नव्हती. मी हाताची बोटं मातीत रोवली आणि गप्प बसले.

हेझलचं संपलं. आत्याने हेझलच्या झग्याला चिकटलेला कापूस वेचून काढला आणि म्हणाली, "चाल वं, ऊन झालं."

पुणे

प्रयोग झाले. माझी एकांकिका आता शिवेवरच्या गाडीत, जोड्याच्या गाण्यावर संपते. लोक हसतात, टाळ्या वाजवतात आणि बाहेर पडताना थोडे गोंधळलेले असतात. एका जाणकारांनी लिहिलं की पूर्वीचा शेवट अधिक भिडणारा होता, या नव्या शेवटात वेदना निसटली आहे. हेझलने मला त्यावर काय वाटतं ते विचारलं. मी म्हणाले, त्यांची झोप बिघडली असेल. ती निघून गेली त्या दिवशी विमानतळावर आम्ही खूप बोललो, पण बांधावरचा विषय तिने काढला नाही. बोललेलं पाळायचं, हे आजीने तिला चवळीइतकंच पक्कं शिकवलं असणार.

आत्याला मात्र राहवलं नाही. त्यानंतर ती दर रविवारी संगीताच्या मोबाइलवरून फोन करायची. एकदा गव्हाचे, पावसाचे, देवाजीकाकांच्या गुडघ्याचे विषय संपल्यावर एकदम म्हणाली, "विशाखा, त्या बाईचं अन् माहं, एकच होतं का वं?"

मी म्हणाले, "आत्या, तूच बंदी घातलीस. तिनेही घातलीय."

ती म्हणाली, "हाव. नोको सांगू," आणि संगीताला फोन दिला.

तिने पुन्हा विचारलं नाही. दोन हिवाळे गेले आणि वेचणीच्याच दिवसांत आत्या गेली. हेझलला कळवलं. तिचं लांब पत्र आलं, त्यातही तो प्रश्न नव्हता. मी वचन पाळलं, ते मोडायचं असं मनात आलं तरी मोडणार नाही. पण रविवारी संध्याकाळी फोन वाजायची वेळ होते आणि मला वाटतं, निदान त्या एका वेळेला तरी बेइमानी करायला हवी होती. तिला फक्त एवढंच ऐकायचं होतं. हो आत्या, एकच होतं.